उलटा खिळा

४ सप्टेंबर १९९५, सोमवार

नवी वही काढली. जुनी ह्यांच्या आजारपणात भरली, त्यानंतर लिहावंसं वाटलं नव्हतं. आज वाटलं, कारण संपादक प्यो साहेबांनी खोलीत बोलावून चक्क खुर्ची दिली. सव्वीस वर्षं मी यानजीच्या या कोरियन छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवणारी जुळारी होते, खुर्ची कधी मिळाली नव्हती. जुळारी उभ्यानेच काम करतो, त्यामुळे कुणाला सुचतही नसेल.

"बोंगसुन," साहेब म्हणाले, "पुढच्या मंगळवारी पाहुणे येताहेत. सोलहून एक, प्योंगयांगहून दोन. आपली अक्षरं संगणकात कशी भरायची, यावर अतिथिगृहात पाच दिवस बैठक आहे. दोन्हीकडचे आपापलं यंत्र आणणार. जे बरं वाटेल ते आपण घेऊ."

"आणि नाम मास्तरांचं पुस्तक?" नाम मास्तर म्हणजे माझे हे. नोकरीच्या ठिकाणी मी त्यांना मास्तरच म्हणते.

"नव्या यंत्रावरचं पहिलं पुस्तक तेच. पण ते याच वर्षी निघायला हवं, पुढच्या वर्षीच्या यादीत त्याला जागा नाही. पाहुण्यांची व्यवस्था तू बघ आणि यंत्रंही तूच बघ. तुझ्याइतकी अक्षरं इथे कुणाच्या हाताखालून गेली आहेत?"

घरी येईपर्यंत सायकल हवेतच होती. मग दारात आल्यावर धसका बसला. मला यंत्रातलं काय कळतं?

६ सप्टेंबर

पेटी खाली काढली, पुसली.

खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, विभाग बंद झाला तेव्हा सगळं शिसं एका बॅटरीच्या कारखान्याला गेलं. मी ही एकच पेटी मागून घेतली. हे बावीस वर्षं उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या तुमेन नदीकाठच्या गावांत फिरून तिथलं बोलणं टिपून आणायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे शब्द, हाका, शिव्या, जनावरांना चुचकारणं, पावसाचे, चिखलाचे आवाज. ते छापायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले, कारण त्यातली कित्येक अक्षरं आमच्या खणांत नव्हतीच. आमचं अक्षर म्हणजे तुकड्यांची चळत. डोकं, बाजूची नाहीतर मधली काठी, कधी पायाशी आणखी एक. तुकडे मोजकेच, चळती मात्र हजारो. पण ओतशाळेतून खिळे यायचे ते रोजच्या चळतींचे. बाकीच्या मी घरी केल्या. दोन खिळे कापायचे, याचं डोकं आणि त्याचे पाय घासून जुळवायचे, चिकटवायचे. अशी एकशे सत्याऐंशी अक्षरं लागत होती, तेवढीच घरं मी पेटीला करून घेतली.

खिळे मात्र एकशे शहाऐंशी आहेत.

उरलं ते 'प्प्वंग'. मार्चमध्ये तुमेनचा बर्फ एकदम तडकतो, त्या आवाजाचं अक्षर. वर दोन सारखी अक्षरं खेटून, खाली आडवी काठी, बाजूला उभी काठी आणि तळाला वर्तुळ. एवढी माणसं एका खोलीत! नऊ वेळा प्रयत्न केला. दर वेळी उभ्या काठीला जागा करता करता शिसं भुगा होऊन पडलं.

खिळा नसला की जुळारी त्या जागी कुठलाही खिळा उलटा, पाय वर करून लावतो. कागदावर दोन काळ्या जाड रेघा उमटतात. त्याचा अर्थ, इथे अक्षर यायचं आहे. ह्यांनी शेवटची मुद्रितं अंथरुणात तपासली. त्या काळ्या रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे येईल ना गं?"

मी म्हटलं, येईल. दोन हिवाळे झाले त्याला.

९ सप्टेंबर, चुसक

सुगीच्या सणाचा भात, नवी फळं घेऊन ह्यांच्या थडग्यावर गेले. गवत काढलं. पुस्तक यंत्रावर होणार असल्याचं सांगितलं. प्प्वंगचा विषय काढला नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पहिल्याच दिवशी माझं नाक कापलं गेलं.

पाहुणे आले. सोलचे डॉक्टर आन, पस्तिशीचे, गोरेगोमटे, आल्या आल्या सगळ्यांना कॉफीच्या पुड्या वाटल्या. प्योंगयांगचे हाम साहेब साठीचे, सडपातळ, नमस्कारापुरते वाकले आणि पुन्हा सरळ. त्यांच्यासोबत निळ्या कोटातला एक माणूस आहे. त्याचं काम काय ते कुणी सांगितलं नाही, पण हाम साहेब जिथे तिथे तो. मी मनातल्या मनात त्याला निळा कोटच म्हणते.

मी मोठ्या हौसेने कुंचल्याने सगळ्यांची नावं लिहून जेवणाच्या टेबलावर कोशाच्या क्रमाने मांडली होती. आमच्या कोशात स्वराने सुरू होणारी नावं सगळ्यांत शेवटी येतात. त्यांच्या तोंडाशी नुसतं रिकामं वर्तुळ असतं, त्याला आवाज नाही, म्हणून त्याची जागा रांगेच्या टोकाला. प्योंगयांगलाही तसंच. झालं असं, की आन साहेब हान ड्रायव्हरच्याही पलीकडे, दाराशी, चपलांजवळ जाऊन पडले.

ते हसले, पण बसले नाहीत. "ताई, आमच्या कोशात रिकामं वर्तुळ मध्येच येतं. त्या हिशोबाने मी हाम साहेबांच्या आधी."

"हे चीनमधलं यानजी आहे," निळा कोट म्हणाला. "इथे इथला कोश."

"जेवायच्या टेबलावर कोश कशाला?"

"मग हरकत तरी कशाला?"

प्यो साहेब माझ्याकडे असे बघत होते, की जमीन दुभंगावी. स्वयंपाकघरातून मालसुन सोयाबीनच्या साराचं पातेलं घेऊन आली. ती माझ्याबरोबर चौदा वर्षं खिळे जुळवत होती, आता इथे रांधते. "जेवणार आहात की नावं चावणार आहात?" तिने विचारलं. "सार निवतंय."

सगळे उभ्याउभ्याच जेवले म्हणायचे.

संध्याकाळी मालसुनच म्हणाली, "ताई, आपल्या खणांत कुठे होता गं कोशाचा क्रम? जे अक्षर सारखं लागतं ते हाताशी, ज्याला वर्षातून एकदा कुणी विचारतं ते शिडीवर. तसंच बसव की. जो जास्त भात घेतो तो भाताच्या भांड्याजवळ."

१३ सप्टेंबर

तसंच बसवलं. आन साहेब तीन वाट्या भात संपवतात, ते भांड्याला खेटून. हाम साहेब चिमणीएवढं जेवतात, ते खिडकीशी. निळा कोट दोन वाट्या. कुणी चकार शब्द काढला नाही. प्यो साहेबांनी दुपारी मला बैठकीत चहा दिला!

आन साहेबांचं यंत्र बघितलं. वहीएवढं, उघडलं की आत पडदा. मी पेटीतला एकेक खिळा वाचायचा, त्यांनी तो टिपायचा. पडद्यावर अक्षर उमटलं की मी ते खिळ्याशी ताडून बघायचे. मी आठवडा आठवडा घासून केलेली चळत त्यांच्या तीन बोटांनी क्षणात रचली जात होती. एकशे शहाऐंशी झाली. मग धीर करून प्प्वंग सांगितलं. तेही आलं! पडद्यावर, नीट, उभ्या काठीला ऐसपैस जागा.

मी रडले. हो, रडले. आन साहेब घाबरलेच.

"आता छापा," मी म्हटलं.

ते जरा घुटमळले. कागद बाहेर आला तर जागोजागी रिकामे चौकोन. मोजले, एकशे एकाहत्तर. प्प्वंगच्या जागीही चौकोन.

"असं बघा ताई," ते म्हणाले, "या पडद्यामागे एक शिंपी बसलाय. तुकडे आणा, तो लगेच शिवून देतो. पण छपाईचं यंत्र आणि आमची सरकारी यादी दुकानातल्या तयार कपड्यांवर चालते. प्रत्येक तयार अक्षराला एक क्रमांक. एकूण दोन हजार तीनशे पन्नास. ज्याला क्रमांक नाही त्याला एका यंत्रातून दुसऱ्यात जाताच येत नाही."

"दोन हजार तीनशे पन्नास कुणी ठरवली?"

"जी जास्त वापरात आहेत ती घेतली."

"कुणाच्या वापरात?"

त्यांनी डोकं खाजवलं. "तुमच्या मास्तरांच्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नसणार."

माणूस सरळ आहे. मला आवडला. पेटी त्यांना आणखी तपासायची होती, म्हणून बैठकीच्या खोलीतच ठेवून आले.

१४ सप्टेंबर

आज हाम साहेबांचं यंत्र. अंगाने मोठं, पंख्याचा आवाज फार. त्यांच्याकडेही तयार अक्षरांचीच यादी आहे, आन साहेबांच्या यादीहून थोडी लांब. एकशे सहासष्ट चौकोन. गंमत म्हणजे काही अक्षरं इकडे आहेत ती तिकडे नाहीत, काही तिकडे आहेत ती इकडे नाहीत. प्प्वंग कुठेच नाही.

हाम साहेब यंत्राबद्दल काहीच बोलले नाहीत. निळ्या कोटानेच सगळं सांगितलं. ते नुसते माझ्या पेटीसमोर उभे. एक खिळा उचलला, बोटांत फिरवला आणि नाकाशी नेऊन हुंगला! मला राग आला. काय मासळी आहे का? ठेवताना मात्र नीट ठेवला, तोंड वर, खाच आपल्याकडे. आन साहेब कसेही टाकतात. या माणसाला निदान वळण आहे. मग त्या रिकाम्या घरावर बोट ठेवून म्हणाले, "हे?"

तो शब्द टिपलेलं ह्यांचं कार्ड मी दाखवलं. त्यांनी ते इतका वेळ धरून ठेवलं, की मला वाटलं, डुलकी लागली. शेवटी म्हणाले, "किती वेळा केलंत?"

"नऊ."

"हं," एवढंच. साहेब लोकांना काय, हं म्हटलं की झालं.

दुपारभर भांडण झालं ते रिकाम्या वर्तुळाच्या जागेवरून. यंत्रात क्रमांक द्यायचे म्हणजे आधी क्रम हवा, आणि क्रम कुणाचा, यावर गाडं अडलं. दोघंही शहाणीसुरती माणसं, आणि एका गोल रेघेवरून कानशिलं तापलेली. मी चहा ओतत होते. मनात आलं, आवाज नसलेल्या अक्षरावरून केवढा हा आवाज!

आन साहेबांनी मग एक वेगळीच गोष्ट सांगितली. जगातल्या सगळ्या लिप्यांची मिळून एक मोठी यादी होते आहे, आणि आमची होऊ शकतील तेवढी सगळी अक्षरं तिच्यात हवीत, अशी मागणी गेली आहे. कुणी बोलो न बोलो. ती यादी करणारी मंडळी कुरकुरतात, एवढी कशाला म्हणून.

"एवढी म्हणजे किती?" मी विचारलं. चहावालीने विचारलं म्हणून निळा कोट वळून बघायला लागला.

"तुम्हीच मांडा की ताई. डोकी एकोणीस, काठ्या एकवीस, पाय सत्तावीस."

घरी येऊन मण्यांची पाटी काढली. एकोणीस गुणिले एकवीस, तीनशे नव्व्याण्णव. त्याला सत्तावीस पायांनी गुणायचं. चुकले. पाय नसलेलीही अक्षरं असतात की! म्हणजे अठ्ठावीस. अकरा हजार एकशे बहात्तर. चार वेळा मांडलं, तेवढंच येतं. सव्वीस वर्षं ज्यांच्यात काढली ती जेमतेम अडीच हजार. उरलेली साडेआठ हजार घरं रिकामी, दारं लावलेली. कोण कधी राहायला येणार तिथे? मला तर एकेकाला हाक मारून बघावीशी वाटते. दहाबारा मारल्याही. शेजारणीला वाटलं, मला उचक्या लागल्या आहेत.

१५ सप्टेंबर

पाहुण्यांना नाशपातीच्या बागांत न्यायचं होतं. आम्ही सगळे गेलो, फक्त हाम साहेब पोट बिघडलं म्हणून राहिले, आणि मग अर्थातच निळा कोटही राहिला. आन साहेबांनी झाडावरची अकरा फळं खाल्ली. परतताना गाडीत त्यांच्या पोटाचीच काळजी.

आल्यावर मालसुन सांगत होती, "निळ्याला मी मक्याच्या शेवया आणि वर दोन पेले दारू दिली. अंगणात उन्हात मस्त घोरला. तुझ्या हाम साहेबांचं पोटबिट काही नाही, दोन वाट्या शेवया खाल्ल्या. आणि मेणबत्ती, कानस नि माशाच्या डब्याचं झाकण मागून घेतलं."

"कानस कशाला?"

"नखं घासायची असतील. आणि ताई, निळा झोपला की तुझा साहेब आपल्यासारखंच बोलतो गं. अगदी नदीपलीकडच्या माणसांसारखं. 'मावशे, मीठ हाण' म्हणाला."

अंगणातल्या दगडावर राखाडी भुकटी पडली होती. सिगारेटी ओढून ओढून राखेचा नुसता सडा. वाऱ्याने उडतही नव्हती. मी ओल्या फडक्याने पुसून काढला आणि पाहुण्यांच्या सवयींना चार शब्द वाहिले.

१६ सप्टेंबर, शनिवार

बैठक संपली. क्रमावर एकमत झालं नाही. एका गोष्टीवर झालं, की अक्षरं सगळीच्या सगळी हवीत. तेवढंच कागदावर लिहायचं ठरलं. मग पुन्हा तेच, पहिली सही कुणाची?

या वेळी प्यो साहेबांनाच सुचलं. त्यांनी मालसुनकडून सूपचा वाडगा मागवला, कागदावर उपडा ठेवला आणि कडेने रेघ मारली. आमच्या पणजोबांच्या पिढीत बंडाचं पत्र असंच निघायचं, वाडग्याच्या काठाने गोल सह्या, म्हणजे म्होरक्या कोण ते कळू नये. बंडाची युक्ती आज शिष्टाचाराला उपयोगी पडली. आन साहेबांनी सही केली, प्यो साहेबांनी केली, आमच्या दोन संपादकांनी केली. मलाही करायला लावली!

हाम साहेबांनी लेखणी उचलली. निळा कोट म्हणाला, "आधी वर विचारावं लागेल." त्यांनी लेखणी खाली ठेवली. वर्तुळात तेवढी जागा मोकळीच राहिली. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. पाच दिवस आमचा भात खाल्ला, एक सही नाही? चिमणीएवढा का होईना!

निघताना ते माझ्यापाशी थांबले. वाटलं, आता काही बरं बोलतील. तर म्हणाले, "बाई, तुमच्या पेटीचं झाकण नीट बसत नाही. बघून घ्या."

झाकण चांगलं बसतं. पेटी कापडात गाठ मारून घरी आणली आणि कपाटावर टाकली.

२९ सप्टेंबर

प्यो साहेबांनी यंत्र ठरवलं, आन साहेबांकडचं. छपाई सुबक आहे, शिवाय लवकर मिळतंय. मी हरकत घेतली नाही, पण चौकोनांचं विचारलं.

"बोंगसुन, सगळी अक्षरं असलेलं यंत्र येईल एक दिवस, दोन वर्षांनी, तीन वर्षांनी. पुस्तक यंदाच हवं. अकरा हजार शब्दांच्या पुस्तकात एकशे एकाहत्तर गाळले तर कुणाला कळणार आहे?"

"मास्तरांना."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. मग हळूच म्हणाले, "महिन्याभरात सांग. गाळायचे नाहीतर थांबायचं. थांबलं तर मी शब्द देऊ शकत नाही."

शब्द देऊ शकत नाही म्हणे. शब्द मागतंय कोण, अक्षरं मागतेय.

३ ऑक्टोबर

झोप नाही, भूक नाही. गाळावेत का? हे असते तर काय म्हणाले असते? एका अक्षरासाठी त्यांनी बर्फातून नऊ मैल तंगडतोड केली होती, आणि मी कचेरीत बसून एकशे एकाहत्तर पुसणार. दुसरीकडे वाटतं, निदान बाकीचे तरी निघतील. माझं वय एक्कावन्न. दोन वर्षं, तीन वर्षं म्हणता म्हणता प्यो साहेब निवृत्त होतील, मग या कागदांवर उंदीर बसतील.

७ ऑक्टोबर

चुलीवर भात ठेवला होता आणि एकदम सुचलं. इतकं सोपं, की स्वतःला चापट मारली.

आता छापायचं म्हणजे आधी स्वच्छ पान काढायचं आणि त्याचा फोटो घेऊन छपाईचा पत्रा करायचा. चौकोन त्या पानावर असणार. मग फोटोच्या आधी चौकोनावर माझ्या खिळ्याचा ठसा चिकटवला तर? पातळ कागदावर शाईने ठसे उमटवायचे, कापायचे, एकेक जागेवर बसवायचे. फोटोला काय कळतंय शिसं कुठलं आणि यंत्र कुठलं! तुकडे जोडण्यातच माझं आयुष्य गेलं आहे.

भात करपला. तसाच खाल्ला.

८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पेटी कपाटावरून काढली, गाठ सोडली. पातळ कागद, शाईची उशी, सगळं जमिनीवर मांडलं. लागणारे एकशे एकाहत्तरच, पण हात बसावा म्हणून सगळ्यांचेच ठसे घ्यायचे ठरवलं. एकेक खिळा काढायचा, ठसा घ्यायचा, पुसून घरात ठेवायचा. मोजत होते. शेवटी आकडा आला एकशे सत्याऐंशी. म्हटलं, वय झालं, मोजणी चुकली. कागदावरचे ठसे पुन्हा मोजले. एकशे सत्याऐंशी.

शेवटचा ठसा बघितला. दोन सारखी डोकी, आडवी काठी, उभी काठी, वर्तुळ.

प्प्वंग.

मग खिडकीशी नेऊन खिळा बघितला. मी नऊ वेळा आमच्याच मापाचा खिळा कापत बसले होते. यात आतला खिळा बारीक अक्षराचा होता, पेटीच्या तळाला लहान टाइपाचे जे पाचपंचवीस पडले होते त्यांतला. लहान घेतला की बाजूला काठीपुरती जागा आपोआप राहते. त्या जागेत उभी काठी, मध्ये पत्र्याची चिंधी भरून उंची सारखी केलेली, आणि मागून मेणबत्तीवर डाग दिलेला. पत्र्यावर मासळीच्या डब्याची निळी शाई अजून आहे. कानशीचा हात इतका हलका, की नख फिरवलं तर सांधा लागत नाही.

हा साहेबाचा हात नाही. हा जुळाऱ्याचा हात आहे, आणि माझ्याहून चांगला.

खिळा हुंगला होता त्यांनी. ठेवताना खाच आपल्याकडे केली होती. किती वेळा केलंत, विचारलं होतं. अंगणातली ती राख उडत नव्हती, आणि मी बाईने ती शिव्या देत पुसून टाकली. सव्वीस वर्षं जुळारी असून समोरचा जुळारी ओळखता आला नाही मला. त्यांनी तर जाताना चक्क सांगितलं, झाकण बघून घ्या म्हणून, आणि मी तोंड वाकडं करून पेटी तीन आठवडे कपाटावर टाकली. ते मनात म्हणाले असतील, काय खुळी बाई आहे. लाज वाटली, आणि इतका आनंद झाला, की मालसुनकडे सायकल दामटली आणि तिला दारातच मिठी मारली. तिच्या दोन्ही हातांना किमचीचं तिखट होतं. माझ्या जाकिटाला लागलं, अजून निघालेलं नाही.

यापुढे वहीत त्यांना हाम दादा लिहीन. वहीत तरी लिहिता येईल.

११ नोव्हेंबर

एकशे एकाहत्तर ठसे बसले. प्यो साहेबांनी भिंग लावून पानं बघितली. "चिकटवलेलं कुठलं?" "शोधा," मी म्हटलं. सापडले नाहीत, फक्त एक सापडलं. प्प्वंग जरा काळं दिसतं, म्हणाले. म्हटलं, बर्फ फुटतो तेव्हा आवाज होणारच.

२० डिसेंबर

महिन्याच्या सुरुवातीला फक्त आभाराचं पान उरलं होतं. कुणाचं नाव आधी, यावर परत वाद नको म्हणून मी वाडग्याच्या काठाने गोल लावलं. गावोगावचे म्हातारे, म्हाताऱ्या, एक नावाडी, मालसुन, आन साहेब, प्यो साहेब. हाम दादांचं नाव घालता येत नाही. छापलं तर पलीकडे त्यांना कोण काय विचारेल, देव जाणे. न घालणं माझ्याच्याने होईना. दोन दिवस ते पान समोर ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला एक खिळा घेतला, उलटा केला आणि वर्तुळात त्यांच्या जागी पाय उमटवले. दोन काळ्या रेघा.

प्यो साहेबांनी बोट ठेवलं. "बोंगसुन, इथे उलटा खिळा राहिलाय."

"राहिला नाही, साहेब. तिथे एक नाव यायचं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. वर्तुळात ती जागा नेमकी कुठे आहे, ते त्यांना दिसलं असावं. सप्टेंबरच्या कागदावर मोकळी राहिली होती तिथेच. त्यांनी पान छपाईला पाठवलं.

आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती प्योंगयांगच्या ग्रंथालयात जातात. आज पुस्तक तयार होऊन आलं, आणि या वेळी पुडकं मी स्वतः बांधलं. वाटेत कुणी उघडून बघितलं तरी त्याला छपाईतली चूकच दिसेल. जुळाऱ्याला वाचता येईल.

टपालातून तशीच सायकल घेऊन डोंगराकडे गेले. थडग्यावर घोटाभर बर्फ होता. तो झाडला, पुस्तक उघडलं, प्प्वंगवर बोट ठेवलं आणि ह्यांना म्हटलं, "आलं."